उडती मोटार आणि चाकणचे आकाश : एक आढावा

संज्ञा आणि व्याप्ती

‘उडती मोटार’ या एका नावाखाली आज निरनिराळी वाहने येतात आणि चर्चेतला बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिला प्रकार अस्सल अर्थाने उडती मोटार आहे. ती रस्त्यावर चार चाकांवर धावते आणि धावपट्टीवर पंख उलगडून विमानासारखी उडते. दुसरा प्रकार हवाई टॅक्सीचा. हे वाहन विजेवर चालते, जागच्या जागी सरळ वर चढते आणि तसेच खाली उतरते, पण रस्त्यावर धावत नाही. तिसरा प्रकार माणूस वाहून नेणाऱ्या ड्रोनचा. त्यात वैमानिक बसलेला असतोच असे नाही. अनेक पंख्यांच्या जोरावर ते तरंगते आणि संगणक त्याचा तोल सांभाळतो.

पुण्यात ‘उडती बस’ हा शब्दही ऐकू येतो. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी पुण्यासाठी हवेतून जाणाऱ्या बसची कल्पना जाहीरपणे मांडली आहे. ती बस उंचावरच्या आधारावरून चालते, म्हणून ती या आढाव्याच्या कक्षेबाहेर राहते. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात पहिल्या तीन प्रकारांपैकी एखादे वाहन रोजच्या वापरात येऊ शकेल का, आले तर कोणत्या कामासाठी आणि त्याच्या वाटेत काय आहे, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

जागतिक पार्श्वभूमी

ही कल्पना विमानाइतकीच जुनी म्हणता येईल. अमेरिकेत ग्लेन कर्टिस यांनी १९१७ मध्ये पंख लावलेली मोटार प्रदर्शनात मांडली. मोल्ट टेलर यांची ‘एरोकार’ १९४९ मध्ये उडाली आणि १९५६ मध्ये तिला सरकारी प्रमाणपत्रही मिळाले, तरी तिच्या प्रती अर्ध्या डझनाच्या पुढे गेल्या नाहीत. चांगल्या मोटारीला वजन, मजबुती आणि धडक सोसणारा सांगाडा लागतो. चांगल्या विमानाला नेमके उलटे, म्हणजे हलकेपण लागते. दोन्ही साधताना वाहन दोन्हीकडे उणे पडते आणि महागही होते. स्लोव्हाकियातील क्लाइन व्हिजन कंपनीच्या ‘एअरकार’ने जून २०२१ मध्ये नित्रा ते ब्रातिस्लाव्हा हे अंतर ३५ मिनिटांत उडून पार केले आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या देशाचे उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र मिळवले. तिलाही उडण्यासाठी विमानतळ लागतो. दारातून निघून दारात उतरण्याचे स्वप्न त्याने पुरे होत नाही.

शहरातल्या हवाई वाहतुकीचा दुसरा धडा हेलिकॉप्टरने दिला. न्यूयॉर्कमध्ये पॅन ॲम इमारतीच्या छतावरून विमानतळापर्यंत प्रवासी सेवा चालत असे. मे १९७७ मध्ये छतावर उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरचा चाकांचा आधार मोडला, पंखे फुटून उडाले आणि पाच जणांचा मृत्यू झाला. त्यांतली एक व्यक्ती खाली रस्त्यावर होती. छतावरून उडणाऱ्या वाहनाचा धोका फक्त प्रवाशांपुरता राहत नाही, हे त्या घटनेने दाखवून दिले.

गेल्या पंधरा वर्षांत स्वस्त विद्युत मोटर, लिथियम बॅटरी आणि ड्रोनचे नियंत्रणतंत्र एकत्र आले, तेव्हा हवाई टॅक्सीला नवे बळ मिळाले. चीनच्या ईहँग कंपनीच्या दोन आसनी, वैमानिकाविना उडणाऱ्या वाहनाला ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या नियामकाने प्रमाणपत्र दिले. युरोपात चित्र वेगळे राहिले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये प्रवासी नेण्याची आशा बाळगणाऱ्या जर्मनीच्या व्होलोकॉप्टरला ते साधले नाही आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. लिलियम या दुसऱ्या जर्मन कंपनीवरही तीच वेळ आली.

महाराष्ट्रातील आणि पट्ट्यातील पूर्वपीठिका

या विषयात चाकणचे नाव नव्याने आले ते ‘वरुण’मुळे. चाकण येथील सागर डिफेन्स इंजिनिअरिंग या कंपनीने नौदलासाठी माणूस वाहून नेऊ शकणारा हा ड्रोन तयार केला. जुलै २०२२ मध्ये दिल्लीत नौदलाच्या ‘स्वावलंबन’ परिषदेत पंतप्रधानांसमोर तो मांडला गेला. त्याची जाहीर झालेली क्षमता १३० किलो वजन घेऊन सुमारे २५ किलोमीटर जाण्याची आहे. मधोमध एक आसन, भोवती पसरलेल्या भुजा आणि प्रत्येक भुजेच्या टोकाला पंखे, अशी त्याची साधी बांधणी आहे. एखादा पंखा बंद पडला तरी उरलेल्यांनी तोल सांभाळायचा आणि अगदीच बेतले तर हवाई छत्री उघडायची, अशी रचना त्यात केली आहे. एका जहाजावरून दुसऱ्यावर सामान पोचवणे, दुर्गम जागेवरून जखमीला हलवणे ही त्याची योजलेली कामे. शहरातली रोजची ने-आण हा त्याचा मूळ हेतू नाही.

प्रवासी सेवेचा जवळचा अनुभव मुंबई-पुणे हेलिकॉप्टर सेवेचा आहे. ब्लेड इंडिया या कंपनीने २०१९ च्या अखेरीस मुंबई, पुणे आणि शिर्डी यांच्यामध्ये आसनानुसार तिकीट देणारी सेवा सुरू केली. अशा सेवेला गिऱ्हाईक आहे एवढे त्यातून दिसले. मात्र ते गिऱ्हाईक मोजकेच राहिले.

शेजारच्या गोव्यात कोकण रेल्वेने मडगावला उंच मार्गाखाली लटकून धावणाऱ्या ‘स्कायबस’चा प्रयोग केला होता. सप्टेंबर २००४ मध्ये चाचणीच्या वेळी अपघात होऊन एका कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला. प्रकल्प पुढे कधीच प्रवासी सेवेत आला नाही आणि शेवटी गुंडाळला गेला. ते वाहन उडते नव्हते, तरी या चर्चेत त्याची आठवण ठेवावी लागते. चालणारा नमुना आणि रोज चालणारी सेवा यांमध्ये केवढे अंतर असते, हे मराठी मुलखाने तेव्हा जवळून पाहिले आहे.

गरज कुठून निर्माण होते

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर भोसरी-चिंचवडचे कारखाने वाढले. टेल्को आणि बजाज यांच्याभोवती सुट्या भागांच्या लघुउद्योगांचे जाळे विणले गेले. पुढे उद्योग नाशिक रस्त्याने उत्तरेकडे सरकला. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले आणि नंतर महिंद्राचाही आला. कारखाने आले त्या वेगाने रस्ते आले नाहीत.

चाकणचा तळेगाव चौक पाहिला की प्रश्न नीट कळतो. पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-शिक्रापूर रस्ता येथे एकमेकांना छेदतात. नव्या मोटारी लादलेले लांबच लांब ट्रेलर, कंटेनर, कंपन्यांच्या बस, कांदा-बटाट्याच्या बाजाराला निघालेले टेम्पो आणि त्यांच्यामधून वाट काढणारे दुचाकीवरचे कामगार, सगळे त्या एकाच चौकात येतात. पाळी सुटण्याच्या वेळी पुढे आंबेठाण चौकापर्यंत आणि मागे कुरुळीपर्यंत रांग लागते. भोसरी ते चाकण हे मोकळ्या रस्त्यावर अर्ध्या तासाचे अंतर अशा वेळी दुप्पट-तिप्पट वेळ खाते. कामगाराचा हा वेळ पगारात धरला जात नाही. कारखान्याच्या दृष्टीने चिंता वेगळी असते. सुटा भाग वेळेवर न पोचल्याने जुळणीची ‘लाइन’ थांबली, तर नुकसान मिनिटामिनिटाने वाढते.

सरळ रेषेत मोजले तर चाकण ते पिंपरी सुमारे १६ किलोमीटर आणि चाकण ते हिंजवडी सुमारे २३ किलोमीटर भरते. हवाई टॅक्सीला ही अंतरे दहा-पंधरा मिनिटांची आहेत. वरुणच्या जाहीर पल्ल्यातही ती बसतात. कागदावर तरी या पट्ट्याची अंतरे या वाहनाला अनुकूल आहेत.

ऊर्जेचे गणित

उडत्या वाहनाची पहिली मर्यादा भौतिकशास्त्राची आहे. मोटारीचे वजन रस्ता पेलतो आणि इंजिनाला फक्त घर्षण व हवेचा विरोध तोडावा लागतो. हवेत तरंगणाऱ्या वाहनाला स्वतःचे वजन प्रत्येक क्षणी पेलावे लागते, त्यासाठी हवा सतत खाली ढकलावी लागते.

उदाहरणादाखल प्रवाशांसह ६०० किलो वजनाचे, पंख नसलेले आणि फक्त पंख्यांवर तरंगणारे वाहन घेऊ. सगळ्या पंख्यांनी मिळून व्यापलेले क्षेत्रफळ १५ चौरस मीटर धरले, तर नुसते तरंगत राहण्यासाठी, यंत्रणेतील घट हिशोबात घेऊन, सुमारे ११५ किलोवॉट शक्ती लागते. १५ मिनिटांच्या उड्डाणाला साधारण २९ युनिट वीज खर्च होते. तेवढेच २० किलोमीटर छोटी विजेवरची मोटार ३ युनिटांच्या आसपास कापते. फरक दहा पटींच्या घरात जातो.

बॅटरीचे वजन हा याच गणिताचा पुढचा भाग. बॅटरी संचात एका किलोमागे १८० वॉट-तास धरले, तर २० मिनिटांच्या उड्डाणासाठीच २०० किलोंहून अधिक बॅटरी लागते. ६०० किलोंपैकी एक तृतीयांश वजन तिथेच संपते, आणि राखीव ऊर्जा अजून धरलेलीच नाही. पेट्रोलच्या एका किलोत याच्या कितीतरी पट ऊर्जा असते. त्यामुळे बरेच रचनाकार वाहनाला पंख देतात. वर चढल्यावर पंख वजन पेलतात आणि पुढे जाताना शक्ती खूप कमी लागते. त्या बदल्यात वाहन मोठे होते, उतरायला जागा जास्त लागते आणि यंत्रणा गुंतागुंतीची होते.

या पट्ट्यात उंची आणि उष्णता यांचाही परिणाम होतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांकडे गेला की हवा विरळ होते. समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा तिची घनता साधारण १४ टक्क्यांनी कमी भरते आणि तरंगायला सुमारे ८ टक्के जास्त शक्ती लागते. बॅटरीलाही उष्णता मानवत नाही. म्हणून थंड हवेत, समुद्रकाठी घेतलेल्या चाचणीचे आकडे चाकणच्या उन्हाळ्यात जसेच्या तसे लागू होत नाहीत.

आकाश कोणाचे

दुसरी मर्यादा या पट्ट्याची खास आहे. पुण्याचा लोहगाव विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ आहे. नागरी विमाने तिथे येतात-जातात, मात्र आकाशाचे नियंत्रण हवाई दलाकडे असते. सुखोई विमानांची उड्डाणे तिथूनच होतात. धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे आणि तिच्या पश्चिमेकडचा मार्ग पिंपरी-चिंचवडच्या दक्षिण भागाजवळून जातो.

२०२१ च्या ड्रोन नियमांनी देशाचे आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल क्षेत्रांत विभागले. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत ड्रोनला वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट होते आणि त्याहून जवळ निर्बंध अधिक कडक होतात. दिघी आणि चऱ्होलीसारखा भाग या जवळच्या वर्तुळात येतो, भोसरी त्याच्या काठावर येते. चाकण २० किलोमीटरच्या आसपास असल्याने त्या मानाने मोकळे आहे. म्हणजे चाकणहून उडणे तुलनेने सोपे, पण प्रवासी जिथे जाऊ इच्छितो त्या शहराजवळ येणे अवघड, अशी स्थिती आहे.

पिंपरी-चिंचवडकरांना ‘रेड झोन’ हा शब्द वेगळ्या कारणाने पाठ आहे. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती २,००० यार्डांपर्यंत बांधकामाला मनाई आहे. दिघीच्या कोठाराभोवतीही असेच निर्बंध आहेत. तळवडे, चिखली, निगडी, रावेत, भोसरी या भागांतील असंख्य घरांचे प्रश्न त्यामुळे वर्षानुवर्षे अडकून पडले आहेत. हे निर्बंध जमिनीवरच्या बांधकामाचे आहेत. तरीही अशा कोठारांवरून प्रवासी वाहनांची नियमित ये-जा संरक्षण खाते सहजी मान्य करील, असे कोणताही नियोजनकार गृहीत धरत नाही. नकाशावर लोहगाव, दिघी आणि देहूरोड एकत्र ठेवले की हवाई मार्गांसाठी उरणाऱ्या पट्ट्या अरुंद दिसतात.

हवामान हाही आकाशाचाच भाग. उन्हाळ्याच्या अखेरीस दुपारनंतर वळिवाचे ढग झपाट्याने चढतात आणि त्यांच्यासोबत सोसाट्याचा वारा व विजा येतात. पावसाळ्यात ढग खाली उतरतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२४ या काळात पुण्याच्या पश्चिमेला दोन हेलिकॉप्टर अपघात झाले. पौडजवळचा ऑगस्टमध्ये, खराब हवामानात झाला. २ ऑक्टोबरला बावधनजवळ उड्डाणानंतर काही मिनिटांतच हेलिकॉप्टर कोसळून तिघांचा मृत्यू झाला, तेव्हा परिसरात धुके होते. हेलिकॉप्टरपेक्षा हलकी, बॅटरीवरची वाहने अशा हवेत जमिनीवरच ठेवावी लागतील, हे उत्पादकही मान्य करतात. रोजच्या प्रवासाचे साधन वर्षातले किती दिवस बंद राहिले तर चालेल, हा त्यातून उभा राहणारा प्रश्न आहे.

मोशीचा कचरा डेपो आणि त्यावर घिरट्या घालणाऱ्या घारी, तसेच कारखान्यांना वीज पुरवणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांचे जाळे हे कमी उंचीवरचे दोन स्थानिक धोकेही नियोजनात धरावे लागतात.

प्रमाणपत्र आणि कायदा

मोटार रस्त्यावर आणण्यापूर्वी तिची तपासणी पुण्याच्या एआरएआय या संस्थेत होते. १९६६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था मोटार उद्योगाच्या घरची आहे आणि चाकणलाही तिचे केंद्र आहे. उडणाऱ्या वाहनाला मात्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, प्रमाणपत्र लागते. रस्त्यावरही धावणाऱ्या उडत्या मोटारीला दोन्ही दारे ठोठवावी लागतील.

दोन्हीकडच्या कसोट्यांत मोठा फरक आहे. मोटार उद्योगात दहा लाख भागांमागे किती सदोष, हे गुणवत्तेचे माप असते आणि चाकणचे पुरवठादार त्यात तरबेज आहेत. प्रवासी हवाई टॅक्सीसाठी युरोपच्या नियामकाने घातलेली कठोर अट अशी की प्राणघातक बिघाडाची शक्यता एक अब्ज उड्डाणतासांत एकदा, यापेक्षा जास्त असू नये. हे सिद्ध करायला प्रत्येक भागाचा धातू, कारागीर, यंत्र आणि तपासणी यांची नोंद वर्षानुवर्षे जपावी लागते. चांगला भाग बनवणे आणि तो चांगला असल्याचे कागदोपत्री सिद्ध करणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत.

कॅप्टन अमोल यादव यांची वाटचाल येथे बोलकी ठरते. मुंबईत घराच्या गच्चीवर बांधलेले त्यांचे विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले गेले. त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली, उडण्याची परवानगी २०१९ मध्ये मिळाली आणि धुळ्याला चाचणी उड्डाण झाले ते २०२० मध्ये. हे सर्व एका प्रायोगिक विमानासाठी होते. प्रवासी घेऊन भाडे आकारायचे, तर वाट आणखी लांबते.

नियमांच्या बाजूने हालचाल झाली आहे. २०२१ च्या नियमांनी ड्रोनची वजनमर्यादा ३०० वरून ५०० किलो केली आणि त्यात ड्रोन टॅक्सीचा विचार असल्याचे सरकारने सांगितले. २०२४ मध्ये डीजीसीएने हवाई टॅक्सीच्या थांब्यांसाठी, म्हणजे वर्टिपोर्टसाठी, मार्गदर्शक सूचना काढल्या. जुन्या १९३४ च्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला. चेन्नईची ई-प्लेन आणि बंगळुरूची सरला एव्हिएशन या कंपन्या प्रमाणपत्राच्या मार्गावर आहेत. सरलाचा ‘शून्य’ हा नमुना जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या भारत मोबिलिटी प्रदर्शनात लोकांनी पाहिला.

जमीन, क्षमता आणि खर्च

हवाई टॅक्सीला रस्ता लागत नाही, हा तिचा मोठा गुण सांगितला जातो. थांबा मात्र लागतो. चार प्रवासी घेणारे वाहन एका चौथऱ्यावर दर तीन मिनिटांनी उतरून निघाले, तर ताशी २० फेऱ्यांत ८० प्रवासी होतात. असे दहा चौथरे म्हणजे ताशी ८०० प्रवासी. पुणे मेट्रोची तीन डब्यांची एकच गाडी ९०० हून अधिक प्रवासी नेते. पिंपरी-चिंचवड महापालिकेपासून स्वारगेटपर्यंतची मेट्रो सप्टेंबर २०२४ मध्ये पूर्ण धावू लागली आणि निगडीपर्यंतच्या विस्ताराचे काम हाती घेतले गेले. चाकणच्या कामगारांची संख्या लाखांच्या घरात आहे. पाळी सुटल्यावर त्यांना घरी पोचवण्याचे काम हवाई टॅक्सीच्या आवाक्यातले नाही. याविषयी समर्थक आणि टीकाकार यांच्यात फारसे दुमत नाही.

जमिनीचा प्रश्न येथे विशेष नाजूक आहे. पुण्याचा नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ आधी चाकण-राजगुरुनगर परिसरात व्हायचा होता. खेड तालुक्यातील शेतकऱ्यांचा विरोध आणि डोंगराळ जागेच्या तांत्रिक अडचणी यांमुळे तो मागे पडला आणि २०१६ मध्ये पुरंदरची निवड झाली. पुरंदरच्या गावांतही पुढे तीव्र विरोध झाला. औद्योगिक वसाहतीसाठी आधीच जमीन दिलेल्या गावांना थोड्याशा जागेची मागणीही हलकी वाटत नाही. कारखान्यांच्या आवारात किंवा छतांवर थांबे काढण्याचा पर्याय सुचवला जातो, पण न्यूयॉर्कच्या अपघाताची आठवण तिथे आड येते.

आवाजाबाबत नव्या वाहनांची बाजू बरी आहे. अमेरिकेच्या जोबी कंपनीच्या विमानाची नासाबरोबर मोजणी झाली, तेव्हा सुमारे ५०० मीटर उंचीवरून जाताना जमिनीवर ४५ डेसिबलच्या आसपास आवाज भरला. भारतात निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. चढताना-उतरताना आणि फेऱ्या वाढल्यावर हा आवाज किती होईल, हे प्रत्यक्ष वस्तीतच समजेल.

खर्चाचा अंदाज बांधताना वीज, बॅटरीची झीज, वैमानिकाचा पगार, थांब्याचे भाडे आणि विमा एवढे तरी धरावे लागते. छोट्या वाहनात वैमानिकाचा खर्च तीन-चार प्रवाशांत वाटला जातो. म्हणून वैमानिकाविना उड्डाणाला मान्यता मिळणे हा स्वस्ताईचा कळीचा मुद्दा ठरतो, आणि तिथेच सुरक्षेची शंका सर्वाधिक आहे.

मुख्य भूमिका

या विषयात तीन भूमिका ठळकपणे दिसतात.

पहिली आशावादी. तिच्या मते नवे साधन सुरुवातीला महागच असते. भारतात मोटार, विमानप्रवास आणि मोबाइल फोन हे तिन्ही श्रीमंतांपासून सुरू होऊन खाली झिरपले. बॅटरी दर काही वर्षांनी सुधारते आहे. दिल्लीत इंटरग्लोब आणि अमेरिकेच्या आर्चर कंपनीने कॅनॉट प्लेस ते गुरुग्राम सात मिनिटांच्या प्रवासाची योजना २०२३ मध्ये जाहीर केली. मुंबई विमानतळ, पुणे आणि चाकण हा त्रिकोणही अशा योजनेला योग्य आहे. शिवाय मोटर, नियंत्रक, हलके सांगाडे आणि बॅटरी संच बनवणारे हात याच पट्ट्यात आहेत. महिंद्राच्या नव्या विद्युत मोटारी चाकणलाच तयार होतात.

दुसरी भूमिका सार्वजनिक वाहतुकीच्या अभ्यासकांची आहे. मूठभरांचा वेळ वाचवण्यासाठी प्रति प्रवासी कित्येक पट ऊर्जा खर्च करणे त्यांना योग्य वाटत नाही. सरकारचे लक्ष, पैसा आणि जमीन आधी पीएमपीच्या बस, मेट्रो, पदपथ आणि चौकांच्या सुधारणेकडे जावे, असे ते म्हणतात. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने नाशिक फाटा ते खेड हा सुमारे ३० किलोमीटरचा आठ पदरी उन्नत मार्ग मंजूर केला. त्यासारख्या आणि त्याहून स्वस्त उपायांनी सर्वांचा वेळ वाचतो, हा त्यांचा मुद्दा.

तिसरी भूमिका मधली आहे आणि ती उद्योगात तसेच आरोग्यसेवेत अधिक ऐकू येते. माणसांची रोजची ने-आण दूर ठेवावी, आधी माल आणि निकड यांकडे पाहावे, असे तिचे म्हणणे. पालघरच्या जव्हार तालुक्यात दुर्गम पाड्यापर्यंत ड्रोनने लशी पोचल्या आहेत. त्याच धर्तीवर भोसरीच्या पुरवठादाराकडून चाकणच्या जुळणी कारखान्यात अडलेला सुटा भाग पोचवणे, रक्त किंवा प्रत्यारोपणाचा अवयव नेणे, महामार्गावरच्या अपघातग्रस्ताला पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात हलवणे ही कामे दिवसाला थोडी असली तरी प्रत्येकाची किंमत मोठी आहे. वरुणसारखे वाहन याच गटात बसते.

अनुत्तरित प्रश्न

वाहन उडू शकते का, या प्रश्नाचे उत्तर मिळाले आहे आणि त्यातला एक छोटा भाग चाकणमध्येच लिहिला गेला. उरलेले प्रश्न वाहनाभोवतीच्या व्यवस्थेचे आहेत.

पहिला बॅटरीचा. आजच्या वजनात ऊर्जा दुप्पट झाली तर पल्ला, राखीव ऊर्जा आणि भाडे या तिन्ही अडचणी एकदम सैल होतात. ती न वाढल्यास हे वाहन छोट्या आणि महागड्या उड्डाणांपुरते राहते. दुसरा आकाशाचा. हवाई दलाच्या नियंत्रणाखालील क्षेत्रात कमी उंचीचे नागरी मार्ग आखण्याची पद्धत अजून बसलेली नाही. पुरंदरला विमानतळ झाल्यावर लोहगावच्या आकाशावरचा ताण कमी होईल की दोन विमानतळांमुळे मार्ग आणखी गुंतागुंतीचे होतील, याचाही निर्णय त्यातच अडकलेला आहे. तिसरा वैमानिकाविना उड्डाणाचा. दाट वस्तीवर ते केव्हा आणि कोणत्या अटींवर मान्य करायचे, यावर वेगवेगळ्या देशांचे नियामक वेगवेगळ्या वेगाने चालले आहेत.

चौथा प्रश्न जबाबदारीचा आहे. वाहन घरावर कोसळले तर भरपाई कोणी द्यायची, वस्तीवरून मार्ग काढताना रहिवाशांचे मत कसे घ्यायचे आणि महापालिका, पीएमआरडीए, एमआयडीसी, हवाई दल व डीजीसीए यांपैकी अंतिम शब्द कोणाचा, याची स्पष्ट घडी बसलेली नाही. पाचवा कौशल्याचा. मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या भोसरीच्या लहान कारखान्याला विमानाच्या दर्जाची कागदपत्रे, तपासणी आणि प्रशिक्षण यांचा खर्च एकट्याने झेपत नाही. त्यासाठी सामायिक चाचणी केंद्र कोणी उभारायचे, हे ठरलेले नाही. या पट्ट्यात उडत्या वाहनांचा उद्योग रुजणे आणि आकाशात ती वाहने रोज दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दुसरीची वाट न पाहता घडू शकते, आणि ती घडेल की नाही हे पाचव्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.